वाचकांचे प्रश्न : तंजावरचे मराठी लोक

प्रश्न : तंजावरविषयी जे काही वाचायला मिळते ते सरफोजी राजे आणि त्यांचे ग्रंथालय यांच्यापाशीच थांबते. राज्य गेल्यावर तेथील मराठी लोकांचे काय झाले? – एक वाचक, सांगली

उत्तर : शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी 1675-76 च्या सुमारास तंजावरची गादी घेतली आणि त्यांच्याबरोबर व त्यांच्यामागून लष्करी घराणी, देशस्थ कारभारी, शास्त्री आणि कीर्तनकार कावेरीकाठी येऊन स्थिरावले. दुसऱ्या सरफोजींनी 1799 च्या तहाने कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला आणि 1855 मध्ये त्यांचे पुत्र शिवाजी राजे औरस पुत्राविना वारल्यावर कंपनीने राजपदही खालसा केले. पण माणसे तेथेच राहिली आणि त्यांचे कर्तृत्व तंजावरच्या वेशीबाहेर पसरले. आपल्याकडे या दुसऱ्या भागाची दखल फारच कमी घेतली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

टी. माधवराव यांचेच पाहा. 1828 मध्ये कुंभकोणम येथे एका देशस्थ घराण्यात जन्मलेले हे गृहस्थ 1857 ते 1872 या काळात त्रावणकोरचे दिवाण होते. पुढे त्यांनी इंदूरचा कारभार पाहिला आणि 1875 पासून 1882 पर्यंत, म्हणजे सयाजीराव गायकवाड अज्ञान असताना, बडोद्याची विस्कटलेली घडी नीट बसवून दिली. 1887 मध्ये मद्रासला राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच होते. सयाजीरावांच्या सुधारणांचे गुणगान आपण नेहमी करतो. त्या सुधारणा ज्या पायावर उभ्या राहिल्या तो घालणाऱ्या या तंजावरी मराठी माणसाचे नाव मात्र शालेय पुस्तकांतही सहसा आढळत नाही.

कारभारापेक्षाही खोल ठसा उमटला तो कीर्तनाचा. महाराष्ट्रातून तंजावरला गेलेल्या रामचंद्रबुवा मोरगावकरांच्या कीर्तनाने तेथील गायक भारावून गेले आणि तंजावर कृष्ण भागवतर यांनी त्या धर्तीवर तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. त्यामुळे मद्रासकडील हरिकथेत कर्नाटक रागांतील कृतींच्या जोडीने साकी, दिंडी, ओवी आणि अभंग आले. कथेकरी तमिळमध्ये आख्यान सांगता सांगता मध्येच साकी म्हणू लागतो, तेव्हा ती चाल मराठी कानाला तत्काळ ओळखू येते.

तंजावरला जाणे झाल्यास बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात नैर्ऋत्येकडील भिंत अवश्य पाहावी. सरफोजींनी 1803 मध्ये तेथे भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रांचा मोठा साठा आहे. त्यात दरबाराच्या रोजच्या खर्चाचे हिशेब आहेत आणि राजांच्या स्तुतिकाव्यापेक्षा सामान्य माणसांचा इतिहास त्यांतूनच अधिक कळेल, असे माझे मत आहे. मोडी शिकणाऱ्या तरुणांनी तिकडे वळावे.

प्रश्न : मदुराईचे रेशीम विणणारे सौराष्ट्री हे मराठीच का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. त्यांच्या सौराष्ट्री बोलीत मराठीशी जुळणारे शब्द बरेच असल्यामुळे हा गैरसमज होतो. हा समाज मूळचा गुजरातकडचा मानला जातो. व्यंकोजींच्या फौजेशी त्याचा काही संबंध नाही. प्रसिद्ध तमिळ पार्श्वगायक टी. एम. सौंदरराजन याच समाजातले होते.