आपली रेल्वे राज्याच्या ताब्यात देता येईल का?

प्रश्न : साहेब, आमच्या रेल्वे प्रवासी संघटनेच्या बैठकीत एक ठराव आलाय, नांदेड डिव्हिजन केंद्राकडून काढून महाराष्ट्र सरकारच्या ताब्यात द्यावं. अमेरिकेत असं झालंय, असं एक जण ठासून सांगत होता. साध्या थांब्यासाठी आम्ही सिकंदराबादचे उंबरे किती झिजवायचे? आणि निजामाच्या काळी ही रेल्वे राज्याचीच होती ना? (एक वाचक, सेलू)

उत्तर : हो, होती. हैदराबाद–मनमाड मीटरगेज १९०० च्या सुमारास झाली, ती कंपनी चालवायची. १९३० मध्ये निजाम सरकारने रेल्वे स्वतःकडे घेतली आणि १९३२ पासून त्याच रेल्वेने बसही चालवल्या. १ एप्रिल १९५० ला संस्थानांच्या रेल्वे केंद्राकडे गेल्या. बस मात्र राज्याकडेच राहिली. पुढच्याच वर्षी आपण मध्य रेल्वेत होतो. सिकंदराबाद आपल्या नशिबी आलं ते १९६६ मध्ये, तिथे मुख्यालय असलेली दक्षिण मध्य रेल्वे झाली तेव्हा. त्या वेळी सोलापूर डिव्हिजनही तिकडे गेलं होतं. ते १९७७ मध्ये मध्य रेल्वेत परत आलं. म्हणजे डिव्हिजन एका झोनमधून (मध्य, दक्षिण मध्य अशा रेल्वेच्या विभागातून) दुसऱ्यात जाऊ शकतं. हे साल ठरावात घालाच.

आता अमेरिका. तुमच्या मित्राचं बोलणं खरं आहे, फक्त अर्धंच सांगितलंय. अलास्कात सिवर्डपासून फेअरबँक्सपर्यंत साडेसातशे किलोमीटरची लाइन केंद्र सरकारने स्वतः बांधली. १९२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी तिथे जाऊन सोन्याचा खिळा ठोकला. साठ वर्षं ती केंद्रानेच चालवली. १९८३ च्या जानेवारीत हस्तांतराचा कायदा झाला आणि १९८५ च्या जानेवारीत राज्याने २ कोटी २३ लाख डॉलर मोजून ती घेतली. चालवायला महामंडळ काढलं, संचालक सात, सगळे गव्हर्नरने नेमलेले. लाइनबरोबर हजारो एकर जमीनही आली. त्या जमिनीच्या भाड्यावर महामंडळ आजही बरंच अवलंबून आहे.

मी पूर्णा जंक्शनला वर्षानुवर्षं ड्युट्या केल्यात, त्यामुळे हा अलास्काचा कायदा वाचताना माझी नजर आधी कर्मचाऱ्यांच्या कलमांकडे गेली. २००३ मध्ये हैदराबाद डिव्हिजनमधून नांदेड वेगळं झालं, तेव्हा रनिंग रूममध्ये (ड्रायव्हर-गार्ड यांच्या विश्रांतीच्या खोलीत) एकच विषय होता : आपली सिनिऑरिटी कुठे लागणार? तेही एकाच झोनच्या आत, मालक न बदलता! अलास्कात जे कर्मचारी राज्याकडे गेले त्यांचं केंद्राचं निवृत्तिवेतन चालू राहील, असं कायद्यातच लिहून घेतलं होतं. तुमच्या ठरावात गँगमन, पॉइंट्समन, गार्ड यांच्याबद्दल एक ओळ तरी आहे का? युनियनवाले पहिल्यांदा तेच विचारतील, आणि बरोबरच विचारतील.

पण खरी अडचण वेगळीच आहे. अलास्काची लाइन अमेरिकेच्या बाकी रूळांना जोडलेलीच नाही. मालाचे डबे सिएटलहून बार्जवर चढवून समुद्रातून व्हिटियरला उतरवतात. अशी सुटी लाइन एका राज्याला देणं सोपं. आपली सचखंड एक्सप्रेस नांदेडहून निघते आणि अमृतसरला पोचते. रेक (गाडीचे डबे), इंजिन, क्रू, वेळापत्रक, सगळं पाच झोनच्या हिशेबात बसवलेलं. शिवाय नांदेड डिव्हिजन मुदखेडहून किनवटमार्गे तेलंगणातल्या आदिलाबादपर्यंत जातं, अकोल्याच्या वर मध्य प्रदेशात शिरतं. तिथल्या रूळांवर मुंबईचं मंत्रालय हुकूम कसा चालवणार? आणि रेल्वे हा विषय राज्यघटनेत केंद्रसूचीत आहे, तेव्हा नुसत्या ठरावाने काही हलणार नाही.

राज्याचा हात रेल्वेत मुळीच नाही असंही नाही. कोकण रेल्वे महामंडळात महाराष्ट्राचा २२ टक्के वाटा होता, पण त्याच महामंडळाचं भारतीय रेल्वेत विलीनीकरण करायला २०२५ मध्ये आपल्याच सरकारने संमती दिली. कर्ज आणि दुहेरीकरण एकट्या महामंडळाला झेपेना. आपल्याकडे अहिल्यानगर–बीड–परळी लाइनचा निम्मा खर्च राज्य उचलतं, वर्धा–यवतमाळ–नांदेडचा चाळीस टक्के. पैसे दिले म्हणून गाडी कुठे थांबवायची हे राज्य ठरवत नाही. माझ्या मते भांडायचं ते इथे. निम्मे पैसे आमचे, तर वेळापत्रक ठरताना खुर्ची का नाही?

थांब्यासाठी सिकंदराबादला जावं लागू नये, एवढंच तुमचं दुखणं असेल तर मालकी मागायची गरज नाही. नांदेड डिव्हिजन मध्य रेल्वेला जोडा, एवढं मागा. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम ३ प्रमाणे झोन केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवतं, त्याला घटनादुरुस्ती लागत नाही. अर्थात मुंबईला लोकलच्या गर्दीपुढे आपली तपोवन एक्सप्रेस कितपत दिसेल, याची मला शंका आहे. आपल्या लाइनवर वाढलेल्या माणसाला ती असणारच. सोलापूर डिव्हिजनमध्ये गेलेल्या लातूरकरांना आधी विचारून घ्या, त्यांना काय फरक पडला.

मालकी आणि झोन या दोन मागण्या एकाच कागदावर लिहू नका. पहिलीकडे बोट दाखवून दुसरी फेटाळतील. झोनचा ठराव खासदारांमार्फत रेल्वे बोर्डाकडे पाठवा. थांब्याचा अर्ज वेगळा करा, डीआरएम (डिव्हिजनचे प्रमुख अधिकारी) यांच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या. त्याला तुमच्या स्टेशनच्या तिकीटविक्रीचे आकडे जोडा, कारण थांबा देताना आधी तेच बघतात.