जुने कीबोर्ड विकून मिडी २.० चे वाद्य घ्यावे का?

प्रश्न : मी मिरजेला राहतो, वय ४३. ऑर्केस्ट्रात आणि अधूनमधून स्टुडिओत कीबोर्ड वाजवतो. कॉर्ग एम-१ आणि रोलँड एक्सपी-८० ही माझी दोन वाद्ये. जुन्या यूएसबी इंटरफेसमधून (वाद्य व संगणक यांना जोडणाऱ्या डबीतून) ती नव्या लॅपटॉपला जोडली जात नाहीत. मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांना आणि संगणकाला स्वरांचे संदेश देण्याची ठरलेली पद्धत. ‘जुने मिडी आता बंद होणार, मिडी २.० घ्या,’ असे दुकानदार म्हणतो. नवे वाद्य १,८५,००० रुपयांचे आहे आणि जुन्या दोन्हींचे मिळून तो ४५,००० देतो. उरलेले १,४०,००० रुपये दोन वर्षांच्या हप्त्यांनी १६ टक्के व्याजाने भरावेत, की १,६०,००० ची मुदत ठेव मोडावी? दुसरी बचत नाही. सरासरी मासिक उत्पन्न ३२,००० आणि घरखर्च २७,००० आहे; जून-जुलैत मात्र उत्पन्न १२,००० च्या वर जात नाही.

उत्तर : हप्ता की ठेव, हा प्रश्न नंतरचा. आधी दुकानदाराचे म्हणणे तपासू, कारण १,८५,००० रुपयांचा सगळा डोलारा त्याच एका वाक्यावर उभा आहे.

मिडीची पहिली जाहीर जोडणी जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील वाद्यव्यापाऱ्यांच्या ‘नॅम’ प्रदर्शनात झाली. तिथे दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्ये, प्रॉफेट-६०० आणि रोलँडचे ज्युपिटर-६, एका केबलने एकमेकांशी बोलली. त्याच नियमांवर १९८८ चे आपले एम-१ आणि १९९६ चे एक्सपी-८० चालतात. २०२० मध्ये मिडी २.० आले ते जुन्याला बाद करण्यासाठी नव्हे. नवे वाद्य समोरच्या वाद्याला आधी विचारणा करते आणि उत्तर आले नाही, तर मुकाट्याने मिडी १.० मध्ये बोलू लागते. पट्टी किती जोराने दाबली, हे जुन्या पद्धतीत ० ते १२७ एवढ्या पायऱ्यांत मोजले जाते. नव्यात त्या ६५,५३६ आहेत. नव्याकडून जुन्याकडे संदेश जाताना एवढा बारकावा गळून पडतो, पण स्वर वाजतोच. एक मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे : मिडी २.० चे संदेश पाच पिनांच्या जुन्या केबलवरून जात नाहीत, त्यामुळे एखादा डबा जोडून आपले एम-१ ‘मिडी २.० चे’ होईल, असे कोणी सांगितल्यास त्यावर पैसे घालू नयेत.

मग लॅपटॉप वाद्यांना ओळखत का नाही? माझा संशय इंटरफेसवर आहे. जुन्या इंटरफेसना कंपनीचा स्वतंत्र ड्रायव्हर, म्हणजे यंत्राची संगणकाला ओळख करून देणारा प्रोग्राम, लागत असे आणि कंपनीने तो नव्या विंडोजसाठी काढला नाही, की चांगले चालणारे यंत्रही मुके होते. खात्री करणे सोपे आहे. एम-१ च्या ‘मिडी आउट’मधून एक्सपी-८० च्या ‘मिडी इन’मध्ये केबल लावा, दोन्हीकडे एकच चॅनल ठेवा आणि एम-१ ची पट्टी दाबा. एक्सपी-८० चा आवाज आला, तर निदान त्या दोन सॉकेटांपुरती मिडीची वाट साफ आहे. त्यानंतर ड्रायव्हरशिवाय चालणारा, म्हणजे ‘क्लास कम्प्लायंट’, इंटरफेस एखाद्या मित्राकडून तासाभरासाठी आणून लॅपटॉपला लावून पाहा. विकत घेतानाही तसाच घ्यावा. मात्र अगदी स्वस्तातली केबल टाळावी, कारण सूर वाजवायला ती पुरते, पण वाद्याच्या स्मृतीची मोठी नक्कल पाठवताना अनेकदा मध्येच अडखळते.

जुन्या वाद्यांना खरा धोका आहे तो घड्याळात असतो तसल्या बटण सेलचा आणि फ्लॉपीचा. एम-१ मधले आवाज सेलच्या जोरावर टिकतात. सेल संपला किंवा काढला, की आपण वर्षानुवर्षे जुळवलेले आवाजच नव्हे, कंपनीने भरलेलेही पुसले जातात. एक्सपी-८० मधला मजकूर फ्लॉपीवर ठेवता येतो, परंतु चांगल्या फ्लॉपी मिळणे आता दुरापास्त आहे. तिच्या जागी पेन ड्राइव्ह घेणारा एम्युलेटर बसवता येतो. इंटरफेससाठी ७,०००, एम्युलेटरसाठी ४,००० आणि सेल, सॉकेट, पट्ट्यांची सफाई व मजुरी यांसाठी ४,००० असे एकूण १५,००० रुपये मी धरले आहेत. आपल्याच गावातल्या सतारमेकर गल्लीत जुना तंबोरा दुरुस्तीला येतो, तेव्हा तो मोडीत काढायचा सल्ला कोणी देत नाही. कीबोर्डवाल्यांना तो इतक्या सहज का दिला जातो, याचे मला नेहमी नवल वाटते.

आता हिशेब. १,४०,००० रुपयांना १६ टक्क्यांनी २४ महिन्यांचा हप्ता सुमारे ६,८५५ रुपये होतो आणि एकूण व्याज सुमारे २४,५०० रुपये. आपली सरासरी शिल्लक ५,००० आहे, म्हणजे चांगल्या-वाईट महिन्यांची गोळाबेरीज केली तरी हा हप्ता आपल्याला परवडत नाही आणि जून-जुलैत तर तो घरखर्चाच्या तुटीवर चढेल. ठेव मोडणे त्याहून वाईट, कारण ती आज जवळजवळ सहा महिन्यांचा घरखर्च आहे. तिच्यातून १,४०,००० काढल्यावर हाती २०,००० उरतील आणि तेवढ्यात एक महिनाही निघत नाही. मुदतीआधी मोडल्याबद्दल व्याजात होणारी कपात वेगळीच. या वाद्यावर घसारा मिळून कर वाचेल, असे कोणी सांगितले असेल, तर आपण अनुमानित नफ्याच्या (खर्चाचा तपशील न देता मिळकतीचा ठरावीक हिस्सा नफा धरण्याच्या) योजनेखाली विवरणपत्र भरत असल्यास वेगळा घसारा मागता येत नाही, हेही लक्षात घ्यावे.

नव्या वाद्याने मिळकत वाढणार असती, तर मी वेगळा विचार केला असता. पण लग्नाचा यजमान किंवा गणेश मंडळ मिडी २.० आहे म्हणून बिदागी वाढवून देत नाही. स्टुडिओचे काम थोडे निराळे आहे. जुन्या पद्धतीत पिच बेंडचा दांडा हलवला की त्या चॅनलवरचे सगळे स्वर एकदम सरकतात. नव्यात एकच स्वर सरकवता येतो आणि मींड घेणाऱ्याला त्याचे मोल कळते. त्या कामाची मागणी आपल्याकडे खरोखर येत असेल, तर मागील बारा महिन्यांतील स्टुडिओची कमाई वेगळी लिहून काढावी. ती वर्षाला ६०,००० च्या आत असेल, तर १,८५,००० चे वाद्य घेण्याची घाई करू नये.

म्हणून माझा सल्ला असा : दोन्ही वाद्ये ठेवावीत, ठेवीला हात लावू नये आणि १५,००० चा खर्च तीन चांगल्या महिन्यांत विभागून करावा. पुढे नव्या वाद्यासाठी वेगळ्या बचत खात्यात पैसे साठवावेत. आवर्ती ठेव मी मुद्दाम सुचवत नाही, कारण तिचा हप्ता चुकला की सहसा दंड लागतो आणि पावसाळ्यात तो आपला चुकणारच. त्याऐवजी नवरात्र, लग्नसराई व यात्रांच्या महिन्यांत जमेल तितके जास्त भरावे. मध्येच एखादे वाद्य बंद पडून पैशांची निकड लागली, तर ठेव न मोडता तिच्यावर कर्ज घ्यावे. त्याचा दर बहुधा ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो.

क्रम तेवढा चुकू देऊ नका. आधी इंटरफेस घ्यावा, त्यातून एम-१ मधले सर्व आवाज लॅपटॉपवर उतरवून घ्यावेत, ती नक्कल परत वाद्यात भरून नीट चालते का ते पाहावे आणि त्यानंतरच सेल बदलायला कारागिराच्या हाती वाद्य द्यावे.