आरडी म्हणून पहिल्यांदाच जहाजावर चाललीयेस ना?

अभिनंदन गं! सेमेस्टर ॲट सी, म्हणजे जहाजावरून देशोदेशी फिरत शिकायचं कॉलेजचं सेमेस्टर, त्यावर रेसिडेंट डायरेक्टर (आरडी) म्हणजे हॉस्टेलची वॉर्डनच, फक्त हॉस्टेल हलतं आणि ड्युटी संपली की घरी जायची सोय नाही, जवळपास १०० दिवस. आत्ता एवढंच बघ:

१. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांची लाडकी ताई व्हायला जाऊ नकोस. मी गेले होते, रात्री दोनला दार वाजायचं आणि कारण काय तर रूममेट एसी फार थंड ठेवते. ड्युटी कोणाची ते बघ आणि तिकडे पाठव, खरंच रडत आली असेल तर मात्र आत घे.

२. समुद्र खवळला की कॉरिडॉरच्या कठड्यात उलटीच्या पिशव्या खोचलेल्या दिसतात, त्या दिवशी तूही आडवी असशील. गोळी आधीच घ्यायची, मळमळायला लागल्यावर नाही. मी आलेपाक नेते, अर्धा पोरंच संपवतात.

३. बंदरात लेक्चर नसतात पण आपल्याला सुट्टी असतेच असं नाही. उशिरा परतणाऱ्यांना पुढच्या बंदरात उतरायला थांबवून ठेवतात, त्याला डॉक टाइम म्हणतात. तिथे कोणाचीही दया करू नकोस, एकाला सोडलंस की सगळे रांगेत.

बाकी फॉर्म, रिपोर्ट वगैरे चढल्यावर शिकवतात.