पार्टिशन तुमचं की मालकाचं? चावी देण्याआधी हे वाचा

पुण्यात बाणेरला अकाउंटिंगची फर्म चालवणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: 2021 मध्ये 5 वर्षांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे भाडेपट्टा नव्हे, जागा वापरण्याचा परवाना) करून त्यांनी रिकामा हॉल घेतला. मालकांच्या मॅनेजरने ईमेलवर ‘मूव्हेबल पार्टिशन’ बसवायला होकार दिला होता. त्यांनी ॲल्युमिनियमच्या चौकटीतली मॉड्युलर पार्टिशन बसवली. या पॅनलच्या खालच्या पोकळ पट्टीतून विजेच्या आणि लॅनच्या वायरी जातात, आणि सॉकेट व डेटा पॉइंट टेबलं हलतील तसे सरकवून बसवता येतात. खर्च आला सुमारे 9 लाख. आता मुदत संपायला पाच आठवडे उरलेत आणि मालक म्हणतात, ‘फरशीला स्क्रूने बसवलंय, आत वायरिंग आहे, म्हणजे ते फिक्स्चर, जागेचाच कायमचा भाग. इथंच राहील. हलवलंत तर 6 लाखांचं डिपॉझिट विसरा, चोरीची तक्रारही करीन.’ फरशीतल्या भोकांचा खर्च ते वेगळा कापणार आहेत. करारातली ओळ अशी: ‘परवानाधारकाने केलेलं कायमस्वरूपी बांधकाम, फिक्स्चर व वायरिंग मुदतीनंतर मालकाचं होईल, सुट्या वस्तू परवानाधारक नेऊ शकेल.’ एका मित्राने त्यांना असाही सल्ला दिलाय, की एवढा खर्च केलाय तर मालक तुम्हाला काढूच शकत नाही, असा दावा ठोका.

नमस्कार.

तुमचं पत्र आणि सोबतचे फोटो पाहिले. पार्टिशन तुमची आहेत आणि ती तुम्ही नेऊ शकता. पण चावी अजून तुमच्या हातात आहे, तोवरच हा हक्क सहज बजावता येतो. चावी दिल्यानंतर तीच पॅनल मिळवायला कोर्टात जावं लागेल, आणि तोवर त्यांवर मालकांच्या नव्या भाडेकरूचे कॉम्प्युटर चालू झालेले असतील. म्हणून हे पाच आठवडे वाया घालवू नका.

आधी मित्राच्या सल्ल्याचं बोलतो, कारण तो सगळ्यात धोक्याचा आहे. भारतीय सुविधाधिकार कायदा, 1882 च्या कलम 60 मध्ये एक तरतूद आहे: परवान्याच्या भरवशावर परवानाधारकाने कायमस्वरूपी स्वरूपाचं काम केलं आणि खर्च केला, तर परवाना रद्द करता येत नाही. वाचायला आकर्षक वाटतं. पण तुमचा परवाना ठरावीक मुदतीचा आहे. मुदत संपली की कलम 62 प्रमाणे तो रद्द झाला असंच धरलं जातं. शिवाय हा दावा करताना तुम्हाला स्वतःच लिहून द्यावं लागेल की पार्टिशन हे कायमस्वरूपी काम आहे. मालकांना नेमकं हेच सिद्ध करायचंय. त्यांचं काम तुम्ही करून देऊ नका. तोंडी, व्हॉट्सॲपवर, ईमेलवर, कुठेही ‘आम्ही इथं कायमची व्यवस्था केली होती’ असं वाक्य जाऊ देऊ नका.

आता मूळ प्रश्न. स्क्रू मारला म्हणजे वस्तू जागेची झाली, असं आपला कायदा मानत नाही. जमिनीला जे जोडलं ते जमीनवाल्याचं, हा इंग्लंडमधला जुना नियम भारतात जसाच्या तसा लागू नाही, हे कलकत्ता हायकोर्टाच्या पूर्णपीठाने 1866 मध्येच सांगितलं होतं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 3 मध्ये ‘जमिनीला जोडलेलं’ म्हणजे काय ते दिलंय: झाडासारखं रुजलेलं, भिंतीसारखं रोवलेलं, किंवा अशा रोवलेल्या वस्तूला तिच्या कायमच्या लाभासाठी जोडलेलं. तुमची पॅनल हॉलच्या कायमच्या लाभासाठी बसवली नव्हती. तुमच्या माणसांच्या बसण्यासाठी बसवली होती, आणि माणसं वाढली तेव्हा तुम्ही ती दोनदा हलवलीत, हे तुमच्याच पत्रात आहे. त्या दोन्ही वेळच्या कामाची बिलं शोधून काढा. ही पॅनल हलतात याचा त्याहून चांगला पुरावा नाही.

सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल तुमच्या बाजूने वाचता येतात. सॉलिड अँड करेक्ट इंजिनिअरिंग वर्क्स (2010) मध्ये डांबर-मिश्रणाचा प्लांट हलू नये म्हणून पायाला नट-बोल्टने बसवला होता. कोर्टाने त्याला स्थावर मानलं नाही. पुण्याच्या केंद्रीय उत्पादन शुल्क आयुक्तांविरुद्धच्या भारती एअरटेलच्या अपिलात (नोव्हेंबर 2024) मोबाइल टॉवरसारखी मोठी वस्तूही जंगमच ठरली. जोडणी कशी आहे, जोडण्यामागचा हेतू काय, वस्तू न मोडता काढून दुसरीकडे वापरता येते का, या कसोट्या कोर्टाने तिथे लावल्या. हे दोन्ही खटले करांचे होते, तुमचा वाद कराराचा आहे. म्हणून निकालांपेक्षा करारातली ओळ जड. पण त्या ओळीतले ‘कायमस्वरूपी’ आणि ‘सुट्या’ हे शब्द लावायचे कसे, ते ठरवायला याच कसोट्या कामी येतात.

त्या ओळीतला ‘वायरिंग’ हा एक शब्द मात्र तुम्हाला टोचणार आहे. इथे प्रामाणिकपणे दोन भाग करा. डीबीपासून (विजेच्या मुख्य वाटप-पेटीपासून) फरशीत चर मारून पुरलेली केबल, भिंतीतली पाइपिंग, तुम्ही नव्याने बसवलेले एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारे स्विच): हे मालकांचं. त्यावर भांडू नका. पॅनलच्या पट्टीतला वीज-ट्रॅक, त्यात सरकणारे सॉकेट, क्लिपने बसणारे डेटा बॉक्स आणि पॅनल ते पॅनल जोडणारे तयार कनेक्टर: हे पॅनलचेच भाग आहेत. कंपनीच्या बिलात ते पॅनलसोबत एकाच ओळीत, सुटे भाग म्हणून आलेले आहेत. फोटोंतली कॉन्फरन्स रूमची जिप्समची भिंत मात्र मॉड्युलर नाही. ती काढायची तर तोडावीच लागेल. ती सोडून द्या, आणि सोडतोय असं लिहून कळवा. जे आपलं नाही ते पहिल्याच पत्रात सोडलं की उरलेल्याबद्दलचं म्हणणं वजनदार होतं.

चावीचा मुद्दा का एवढा धरून बसलोय ते सांगतो. भाडेपट्टा असता तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 मध्ये स्पष्ट लिहिलंय: भाडेकरू जोडलेल्या वस्तू ताबा असेपर्यंत काढू शकतो, नंतर नाही, आणि जागा मिळाली तशी परत करायची. तुमचा परवाना आहे, म्हणून तुम्हाला सुविधाधिकार कायद्याचं कलम 63 लागतं. त्यात परवाना संपल्यावर जागा सोडायला आणि ठेवू दिलेल्या वस्तू न्यायला वाजवी वेळ मिळतो. तरतूद उदार आहे, पण ‘वाजवी’ म्हणजे किती यावर वाद होतो, आणि मालक उद्या म्हणू शकतात की कागदावर परवाना असला तरी हा खरा भाडेपट्टाच होता. दोन्हीतला कडक नियम पाळा. कलम 63 मध्ये ‘ठेवू दिलेल्या’ वस्तू म्हटलंय, म्हणून मॅनेजरचा तो 2021 चा ईमेल लाखमोलाचा आहे. तो आजच जुन्या सर्व्हरवरून उतरवून, हेडरसकट (कुणी, कधी, कुठून पाठवला याच्या तांत्रिक नोंदीसकट) जपून ठेवा.

आता खरी अडचण, जी पत्रात तुम्ही एका ओळीत उरकलीत: इमारतीची सिक्युरिटी मालकांच्या एनओसीशिवाय सामानाला गेट पास देत नाही. अशा वादांत हक्कापेक्षा गेट पासवरच जास्त लोक अडतात. शेवटच्या शनिवारी टेम्पो बोलावून गेटवर हुज्जत घालण्यात अर्थ नाही. याच आठवड्यात वकिलामार्फत नोटीस पाठवा. सोबत पॅनलची यादी, बिलं, 2021 चा ईमेल आणि फोटो जोडा. काम कोणत्या तारखांना, कोणत्या कंत्राटदाराकडून होणार ते लिहा. सात दिवसांत एनओसी मागा. एक प्रत इमारतीच्या व्यवस्थापनालाही द्या. एनओसी नाकारली किंवा उत्तरच आलं नाही, तर मुदत संपायच्या आत मनाईहुकुमासाठी दावा आणि तातडीचा अर्ज. व्यापारी जागेच्या वादात कमर्शियल कोर्टात जायचं तर आधी मध्यस्थी बंधनकारक असते, हे खरं. पण तातडीचा अंतरिम दिलासा खरोखर हवा असेल तर ती अट आड येत नाही. तुमच्या बाबतीत तातडी खरी आहे. नोटीस लवकर गेली असेल तर ही तातडी कोर्टाला दिसेलही. शेवटच्या दोन दिवसांत धावत गेलात तर ती तुम्हीच ओढवून घेतलीत असं कोर्टाला वाटेल.

चोरीच्या धमकीने झोप उडवून घेऊ नका. भारतीय न्याय संहितेत चोरी होण्यासाठी दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू अप्रामाणिक हेतूने हलवावी लागते. इथे वस्तू तुमच्या ताब्यात आहे, बिल तुमच्या नावावर आहे, आणि तुम्ही दिवसाढवळ्या नोटीस देऊन काम करणार आहात. उलट तुम्हीही डिपॉझिटसाठी पोलिसांत जाऊ नका. हा दिवाणी वाद आहे, तसाच राहू द्या.

काढण्याचं काम मात्र साध्या सुताराकडून करू नका. परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून आधी डीबीवर पुरवठा तोडून घ्या, मोकळी टोकं बंद करून जंक्शन बॉक्समध्ये घ्या, मेगर टेस्ट (वायरींचं इन्सुलेशन ठीक आहे का याची तपासणी) करून रिपोर्ट घ्या. त्यानंतर महिन्याभराने तिथे शॉर्टसर्किट झालं, तर पहिलं बोट तुमच्याकडे येईल. तेव्हा तो कागद हाताशी हवा. काढण्याआधी आणि नंतर तारखेसह व्हिडिओ करा. फरशीतली भोकं त्याच रंगाच्या ग्राउटने स्वतः भरून घ्या, फुटलेली टाइल बदला.

डिपॉझिटचं असं आहे. मालकांना पॅनल ठेवायचीत, आणि ती बसवताना पडलेल्या भोकांचे पैसेही हवेत. ही दोन म्हणणी एकत्र टिकत नाहीत, आणि नोटिशीत हे ठळक लिहा. करारात जप्तीचं कलम असलं तरी करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते. नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते दाखवावं लागतं, हे सुप्रीम कोर्टाने कैलाशनाथ असोसिएट्स (2015) मध्ये स्पष्ट केलंय. टाइलचं नुकसान मोजता येतं. त्यासाठी 6 लाख बुडत नाहीत. पण डिपॉझिट मिळेपर्यंत जागा सोडणार नाही, असा पवित्रा घेऊ नका. मुदतीनंतर राहिलात तर करारातला दंड रोज चढेल आणि तुमची बाजू कमकुवत होईल. ठरलेल्या तारखेला जागा रिकामी करा, चावीची सही-शिक्क्याची पावती घ्या, त्यावर ‘डिपॉझिटचा हक्क राखून’ एवढं लिहा. पावती नाकारली तर कुरिअर आणि ईमेलने ताबा दिल्याचं कळवा. मग डिपॉझिटच्या वसुलीला तुमच्याकडे 3 वर्षांची मुदत आहे, आणि फक्त पैशांसाठी असेल तर आधी मध्यस्थीला जाच. तिथे सुटतं बरंच.

मालकांनी नव्या भाडेकरूला ‘तयार ऑफिस’ कबूल केलंय, असं तुम्ही लिहिता. तसं असेल तर त्यांना पॅनल विकत द्यायची तयारी दाखवा: लेखी, टॅक्स इन्व्हॉइससह, डिपॉझिटचे पैसे खात्यात आल्यावरच. तुमच्या सीएंकडून ताळेबंदातली आजची किंमत काढून घ्या. ताळेबंदात ती फर्निचर म्हणून दाखवली असतील, तर तोही कागद तुमच्याच बाजूचा.

आणि नव्या जागेचा करार करताना या पॅनलची यादी, ट्रॅक-सॉकेट-डेटा बॉक्ससह, परिशिष्ट म्हणून जोडा. मुदत संपण्याआधी 15 दिवस मालकाने ती नेण्याची एनओसी द्यायची, हेही त्यातच लिहून घ्या.