नवऱ्याला एचआयव्ही आहे, मला नाही. लागण टाळणारी रोजची गोळी जोडप्यांवर खरंच तपासलेली आहे का?

आहे. केनिया आणि युगांडात, तुमच्या-माझ्यासारख्याच ४,७४७ जोडप्यांवर. ज्याला लागण नाही त्याला रोज एक गोळी: काहींना टेनोफोविर, काहींना टेनोफोविर-एमट्रिसिटाबिन, काहींना दिसायला तशीच पण आत औषध नसलेली. औषध नसलेल्या गटात ५२ जणांना लागण झाली, टेनोफोविरवाल्यांत १७, दोन औषधंवाल्यांत १३.

हे आकडे मला पाठ आहेत, कारण जेठांना तोंडावर ऐकवायचे होते.

जेठांचं गावात मेडिकल आहे. आमचे हे रावेरहून केळीचा ट्रक घेऊन दिल्लीला जायचे. आजाराचं घरात कोणाला सांगितलं नव्हतं. जेठांनी कपाटात गोळ्यांची बाटली पाहिली, लेबल वाचलं आणि मळ्यात भरताची पार्टी चालू असताना सगळ्या भाऊबंदांसमोर विषय काढला. हातातली कळण्याची भाकरी हातातच राहिली लोकांच्या. मला म्हणे, "तू येडी व्हयनी का? माहेरी निघून जा." डॉक्टरांनी मलाही गोळी दिलीय म्हटलं, तर म्हणे, "हाऊ समदा धंदा शे. आफ्रिकेत गरिबांवर प्रयोग केले, आता आपल्यावर."

प्रयोग केला म्हणून तर कळलं ना! जुलै २०११ मध्ये देखरेख समितीने आकडे पाहिले आणि औषध नसलेली गोळी बंद करायला लावली. त्या गटालाही मग खरं औषध देऊ केलं. निरोध आणि समुपदेशन तर सगळ्यांना पहिल्यापासून होतं. वाऱ्यावर कोणाला सोडलं नव्हतं. सोडायला निघाले होते ते जेठ, सख्ख्या भावाला. शिवाय एखाद्याचा एचआयव्ही असा चव्हाट्यावर मांडणं २०१७ च्या कायद्यात बसत नाही; औषधं विकणाऱ्याला एवढं तरी ठाऊक असावं.

माझं स्पष्ट मत सांगते. तुमच्या गोळीपेक्षा नवऱ्याची गोळी महत्त्वाची. दुसऱ्या एका चाचणीत पुण्या-चेन्नईची जोडपीही होती; बाधित जोडीदाराला औषध लवकर सुरू केल्यावर त्याच्याकडून होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, दबलेला राहिला की शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे नंतरच्या अभ्यासांत दिसलंय. यांचा लोड खाली येईपर्यंत मी गोळी घेतली, मग डॉक्टरांनीच थांबवली. मी निगेटिव्ह आहे, पोरगीही.

सगळा भार बाईनेच का उचलायचा, हा माझा जुना राग. आफ्रिकेतच नुसत्या बायकांवर झालेल्या दोन चाचण्यांत गोळीचा गुण दिसला नाही, कारण बऱ्याच जणींनी ती नियमित घेतलीच नव्हती. रक्तात औषध सापडेना. सासूपासून लपवून रोज गोळी खाऊन दाखवा म्हणावं.

हां, सांगायचं राहिलं. आधी तुमची टेस्ट निगेटिव्ह हवी. किडनी आणि हिपॅटायटिस बी तपासून घ्या, मनाने सुरू किंवा बंद करू नका. दिवस राहिले असतील किंवा मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. बाकीच्या गुप्तरोगांना ही गोळी अडवत नाही, तिथे निरोधच. एचआयव्हीच्या सरकारी हेल्पलाइनला, १०९७ वर, फोन फुकट लागतो.

आणि गोळी नात्यातल्या मेडिकलमधून आणू नका. जेठांचं दुकान घरापासून चार पावलांवर आहे, मी डोकेदुखीची गोळीसुद्धा बसस्टँडवरून आणते.