बँकॉकहून अयुथया अर्ध्या दिवसात होतं का? पडकी देवळं सगळी सारखीच ना? सोबत आईवडील आहेत.

अयुथया म्हणजे थायलंडची जुनी राजधानी, अर्ध्या दिवसात होत नाही. आणि ‘सगळी सारखीच’ हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आधी तेच खोडून काढतो.

माथे बघा. घंटेसारखा, वर निमुळता होत गेलेला तो चेदी, म्हणजे आपला चैत्य. हा घाट श्रीलंकेकडून आला. मक्याच्या कणसासारखा उभा तो प्रांग, हा कंबोडियाच्या ख्मेरांचा. ‘वाट’ म्हणजे देऊळ. वाट फ्रा सी सनफेतला तीन चेदी एका ओळीत उभे आहेत, तर १६३० च्या वाट चैवत्थनारामला मधोमध ३५ मीटरचा प्रांग. ही दोन एका दिवसात बघा आणि मग सांगा सारखी आहेत म्हणून. ‘विहान’ म्हटल्यावर अजिंठ्यातला विहार डोळ्यांपुढे आणू नका. तिथे विहान म्हणजे मूर्तीपुढे जमायचं सभागृह. लाकडी छपरं १७६७ च्या बर्मी हल्ल्यात गेली, म्हणून नुसते विटांचे खांब दिसतात.

सकाळी आठला वाट महाथात. पिंपळाच्या मुळांत अडकलेलं वालुकाश्माचं बुद्धमुख इथलंच. फोटो काढताना खाली बसायचं, आपलं डोकं त्या मुखाच्या वर जाता कामा नये. शीर नसलेल्या मूर्तीमागे उभं राहून तिच्या मानेवर आपलं तोंड ठेवणारे लोक मला अजिबात सहन होत नाहीत. ती मान नीट बघा. कित्येक मूर्ती दगडाचे तुकडे एकावर एक रचून केलेल्या, सांधे उघडे दिसतात. युद्धातून वाचलेली शिरंही पुढे चोरांनी विकायला नेली.

रस्त्यापलीकडे १४२४ चं वाट रात्चबुरण. प्रांगाच्या पोटातल्या कोठीत उतरायला अरुंद, खडा जिना आहे. गुडघेदुखी असेल तर उतरू नका. १९५७ साली चोरांनी ही कोठी फोडली. त्यातून वाचलेलं सोनं चाओ सम फ्राया संग्रहालयात आहे. दुपारचं ऊन तिथेच काढा. सोमवारी ते बंद, म्हणून सोमवार टाळा.

चैवत्थनारामला सगळे संध्याकाळी जातात. देऊळ चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठावर, तोंड पूर्वेला. संध्याकाळी समोरून नुसती काळी आकृती मिळते. गिलाव्यातलं काम बघायचं असेल तर सकाळीच जा, मग महाथात नंतर.

रेल्वे स्टेशन पासाक नदीच्या पूर्वेला आहे, जुनं शहर पलीकडे, नद्यांनी वेढलेल्या बेटावर. होडीने उतरता येतं. सायकल स्वस्त आणि बेटावर पुरते, पण चैवत्थनाराम बेटाबाहेर आहे. आईवडिलांसाठी तासावर टुकटुक ठरवा, देवळांची नावं आणि एकूण पैसे आधीच बोलून घ्या. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. एप्रिलच्या उन्हात वयस्कर माणसांना नेऊ नकाच. सप्टेंबर-ऑक्टोबरात नदी चढते. २०११ मध्ये चैवत्थनाराम पाण्यात होतं, तेव्हा त्या दिवसांत निघण्याआधी चौकशी करा.