‘सेट’ म्हणजे मुळात बसवणे

एका वाचकाच्या घरी आणलेल्या ओव्हनच्या मराठी माहितीपुस्तिकेत ‘प्रथम वेळ संच करा’ असे वाक्य छापलेले आहे. त्यावरून त्यांनी विचारले आहे की, इंग्रजी ‘सेट’ला सर्वत्र ‘संच’ म्हणता येते का, आणि येत नसेल तर रोमन लिपीतल्या तीन अक्षरांच्या या शब्दाला इतके अर्थ आले कुठून. दुसरा प्रश्न अधिक रसाळ आहे, म्हणून तो आधी घेतो.

अर्थांची संख्या खरोखरच थक्क करणारी आहे. ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ची 20 खंडांची दुसरी आवृत्ती 1989 मध्ये निघाली. तिच्यातली सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. सुमारे 430 अर्थ आणि सुमारे 60,000 शब्द, म्हणजे एका शब्दासाठी एक लहानशी कादंबरीच. पुढे त्याच कोशाच्या नव्या आवृत्तीचे काम करताना पीटर गिलिव्हर या कोशकारांनी ‘रन’ या क्रियापदाचे 645 अर्थ वेगळे काढले आणि अर्थांच्या संख्येत ‘सेट’ मागे पडला. अर्थात, एक अर्थ कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे कोशकाराच्या कात्रीवर अवलंबून असते, त्यामुळे अशा आकड्यांना स्पर्धेच्या निकालाइतके महत्त्व देऊ नये.

मूळ पाहिले तर गुंता बराच सुटतो. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ हे त्याचेच प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. आपल्याकडे पडणे–पाडणे, मरणे–मारणे अशा जोड्या आजही जिवंत आहेत. इंग्रजीत ही पद्धत केव्हाच बंद पडली आणि ‘सिट–सेट’, ‘फॉल–फेल’ (झाड पडणे आणि झाड पाडणे) अशा मोजक्या जोड्या मागे उरल्या. इंग्रजीची पूर्वज असलेल्या प्राचीन जर्मानिक भाषेत या शब्दाचे रूप ‘सत्यन्’सारखे होते. त्यातल्या ‘य’च्या प्रभावाने आधीच्या ‘अ’चा ‘ए’ झाला, नंतर तो ‘य’ स्वतः गळून पडला आणि जुन्या इंग्रजीत ‘सेत्तन्’ झाले. तो ‘य’ आपल्या ओळखीचा आहे. संस्कृतात ‘सद्’ धातूपासून ‘सीदति’ म्हणजे बसतो आणि ‘सादयति’ म्हणजे बसवतो; ‘सादयति’ आणि ‘सेट’ यांचा धातूही एक आणि प्रयोजकाचा प्रत्ययही एक. सदन, संसद, परिषद, उपनिषद ही सगळी त्याच ‘सद्’ची लेकरे, तेव्हा ‘सेट’ हा संसदेचा दूरचा नातेवाईक ठरतो. मराठी ‘बसणे’ मात्र या घराण्यातले नाही. ते ‘उपविश्’वरून, जुन्या ‘बैसणे’मार्गे आलेले आहे. इथे साम्य रक्ताचे नसून स्वभावाचे आहे.

हे स्वभावसाम्य पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत कोंदणात हिरा ‘सेट’ करतात, आपला सोनार खडा बसवतो. तिकडे डॉक्टर मोडलेले हाड ‘सेट’ करतात, आपल्याकडे हाडवैद्य हाड बसवत आला आहे. खुडूक कोंबडीला अंड्यांवर बसवतात, तिथेही इंग्रजीत ‘सेट’च येतो. खेळपट्टीवर स्थिरावलेल्या फलंदाजाला इंग्रजी समालोचक ‘सेट’ म्हणतो, तर मराठी समालोचक त्याचा जम बसला असे म्हणतो. एखादी वस्तू तिच्या जागी नीट टेकवणे, ती हलणार नाही असे करणे, ही मूळ कल्पना दोन्ही भाषांनी हिऱ्यापासून हाडापर्यंत आणि कोंबडीपासून फलंदाजापर्यंत ताणली आहे. आपण तर त्याही पुढे गेलो: गणपती बसवतो, घट बसवतो, नाटक बसवतो, आणि सरकार कर बसवते. घसा बसतो, धंदा बसतो, विश्वास बसतो आणि धक्काही बसतो. ‘सेट’च्या अर्थबाहुल्याचे नवल करताना आपण कशावर बसलो आहोत हे पाहायला हवे.

मग ‘सेट’ म्हणजे बसवणे, असे समीकरण मांडून मोकळे व्हावे का? नाही, कारण इंग्रजीने एका क्रियापदावर टाकलेले ओझे मराठीने अनेकांत वाटले आहे. घड्याळ, गजर, सापळा आणि आग यांच्यासाठी ‘लावणे’ येते, अभंगाला चालही लावतात. दिवस ठरवतात, प्रश्नपत्रिका काढतात, जेवणाची पाने मांडतात, पायंडा पाडतात, उदाहरण घालून देतात. दही लागते, सूर्य मावळतो. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत ‘सेट’ चालतो आणि मराठीत मात्र त्या त्या कामाचे ठरलेले क्रियापदच लागते. भाषांतरकाराची फजिती होते ती इथेच.

राहिला ‘संच’. तो ज्या ‘सेट’चा प्रतिशब्द आहे, तो मुळात वेगळाच शब्द आहे. लॅटिनमध्ये ‘सेक्ता’ म्हणजे अनुयायांचा वर्ग किंवा पंथ. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘सेत’ झाले आणि इंग्रजीत आल्यावर ते उच्चाराने ‘बसवणे’वाल्या ‘सेट’शी इतके एकरूप झाले की दोघांचे अर्थ एकमेकांत मिसळू लागले. समविचारी लोकांचा कंपू हा त्याचा जुना अर्थ; कपबश्यांचा सेट आणि शालेय गणितातला ‘संच’ या अर्थांचा उगमही याच बाजूला शोधायचा. उलट, चित्रपटाचा सेट हा उभारलेला असतो, म्हणून त्याचे नाते क्रियापदाशी. आणि प्राध्यापक होऊ इच्छिणाऱ्यांची झोप उडवणारी ‘सेट’ ही राज्य पात्रता परीक्षा या दोन्हींपैकी कोणाचीच नाही, ती केवळ इंग्रजी आद्याक्षरांची जुळणी आहे.

आता पुस्तिकेतल्या वाक्याकडे वळू. भाषांतर करणाऱ्याने कोशातला नाम असलेला ‘सेट’ उचलला आणि क्रियापदाच्या जागी ठेवला. संचात वस्तू असतात, वेळ नसते. शिवाय ‘संच करणे’ असे मराठीत कोणी म्हणत नाही. ओव्हनवरच्या घड्याळाची वेळ जुळवायची असेल तर ‘प्रथम घड्याळ लावा’ असे हवे, आणि पदार्थ किती मिनिटे भाजायचा ते सांगायचे असेल तर ‘प्रथम वेळ ठरवा’. ‘वेळ सेट करा’ हे घराघरांत बोलले जाते आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. छापील ‘संच करा’पेक्षा ते कितीतरी अधिक मराठी आहे. ‘वेळ लावा’ मात्र टाळावे. वेळ लावणे म्हणजे उशीर करणे, आणि ओव्हनसमोर उभ्या असलेल्या भुकेल्या माणसाला तशी सूचना देण्यात अर्थ नाही.